नाव पंडिताचं, कृती कुणाची?

माल एकीचा आणि लेबल दुसऱ्याचं, हे आपण बचत गटवाल्या रोज पाहतो. आज आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीची अशी लेबलं वाचणार आहोत.

डेमोक्रिटस हा ग्रीक तत्त्वज्ञ. जग न तुटणाऱ्या बारीक कणांचं बनलंय, असं सांगणारा. तो गेल्यावर चारशेहून जास्त वर्षांनी त्याच्या नावाने एक पुस्तक फिरू लागलं. त्यात काय, तर धातूला सोन्याचा रंग कसा आणायचा आणि लोकर जांभळी कशी रंगवायची! ही किमयेची विद्या इजिप्तमध्ये वाढली. अलेक्झांडरनंतर तिथे लिहिण्यावाचण्याची भाषा ग्रीक झाली होती. ग्रीक पंडिताचं नाव लागलं की रंगाऱ्याच्या कृतीलाही वजन येई. नाहीतर नेदरलँड्समधल्या लायडनला ठेवलेली इजिप्तची जुनी वही पाहा. शंभरावर कृती, आणि लिहिणाऱ्याचं नाव नाही.

बायकांची नावंही उसनी घेतली गेली. राणी क्लिओपात्रा इ.स.पू. ३० मध्ये वारली. पुढे किमयेच्या ग्रंथांवर तिचं नाव आलं. व्हेनिसमधल्या एका हस्तलिखितात त्या नावाचं एक पान आहे, त्यावर काढलाय आपलीच शेपूट गिळणारा साप.

आमचा जीव मात्र अडकला यहुदी मारियात. काहींनी तिला मोशेची बहीणच ठरवून टाकलं, म्हणजे पुन्हा मोठ्या घराण्याचं लेबल! तिची पुस्तकं बुडाली. इ.स. ३०० च्या सुमारास पानोपोलिस गावच्या झोसिमोसने तिच्या सूचना उतरवल्या, तेवढ्या उरल्या. अर्क काढायच्या भांड्याला तीन नळ्या लावायच्या. तांब्याचा पत्रा किती जाड? तर मिठाईवाल्याच्या तव्यापेक्षा थोडा जाड. आणि सांधे कशाने बंद करायचे? पिठाच्या खळीने! नाव कुणाचंही असो, हे सांगणारीने हात भाजून घेतले होते, असं आम्हाला वाटतं.

झोसिमोस हे सगळं लिहीत होता थिओसेबिया नावाच्या बाईला. तीही या विद्येतली. पाफ्नुतिया नावाच्या दुसरीचं ऐकू नकोस, ती अडाणी आहे, असं तो तिला बजावतो. थिओसेबियाने काय उत्तर दिलं असेल? तिचं एकही पत्र उरलेलं नाही. मारियाचं नाव तेवढं युरोपच्या स्वयंपाकघरात टिकलं. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून आपण मेण वितळवतो ना, त्याला फ्रेंच लोक आजही ‘मारियाचं स्नान’ म्हणतात.