चांदीची पात्रे : वजनापलीकडचा वारसा

कारंजा (लाड) ही वऱ्हाडातील एक प्राचीन व संपन्न व्यापारी पेठ. बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे येथे नांदत आली आहेत. इ.स. १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने या पेठेवर स्वारी केली, तेव्हा हाती आलेल्या संपत्तीत उंची वस्त्रांबरोबर सोने व चांदी होती, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. इतिहासाने त्या संपत्तीची किंमत लिहून ठेवली. तिचा घाट व नक्षी मात्र लिहिली नाही. चांदीच्या पात्रांच्या बाबतीत हे आजही घडत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिगंबर मुनी पाणिपात्री असतात. हाताची ओंजळ हेच त्यांचे पात्र. मग श्रावकाने पात्रांना एवढे अलंकृत का करावे? याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. दिगंबर परंपरेतील अष्टमंगल द्रव्यांत झारी आणि कलश ही दोन पात्रेच आहेत. जे जिनचरणी अर्पण करावयाचे, ते आपल्या ऐपतीनुसार सर्वोत्तम असावे, हा भाव त्यामागे आहे. अभिषेकाचा कलश, पूजेचे ताट, आरतीचे निरांजन यांतून हाच भाव घडला. घरातील ताट-वाटी, तांब्या, पानदान, अत्तरदाणी व गुलाबदाणी यांनीही तेच सौंदर्य उचलले.

ही नक्षी सहज होत नाही. शुद्ध चांदी मऊ असल्याने तिच्यात थोडे तांबे मिसळतात. पत्रा ठोकून घाट आणतात, तापवून पुन्हा मऊ करतात. पुढे राळेच्या आधारावर आतून ठोकून फुलवेल उचलली जाते व बाहेरून बारीक कलमांनी तिच्या रेषा उठविल्या जातात. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कारागिरांनी अशा पात्रांवर देवदेवतांच्या आकृती उठविल्या, तर कच्छच्या कारागिरांनी दाट वेलबुट्टी. भुजचे ओमरसी मावजी यांच्या चहाच्या संचांवर त्यांच्या नावाची आद्याक्षरे असत. आज जगभरचे संग्राहक ती अक्षरे शोधत असतात. आपल्या गावोगावच्या कारागिरांनी मात्र आपले नाव क्वचितच कोरले. पात्रावर नाव असते ते दात्याचे, आणि कधी संवत.

जुने पात्र मोडीत निघते, तेव्हा सराफ वजन धरतो. घडणावळ शून्य होते. दात्याचे नाव, संवत आणि कारागिराचा हात, तिन्ही एकाच मुशीत वितळतात. नवे पात्र अधिक चकचकीत असेल. परंतु त्यात आजोबा-पणजोबांचा काळ नसेल.

म्हणून प्रत्येक मंदिराने व कुटुंबाने आपल्या जुन्या पात्रांची नोंदवही करावी. त्यात छायाचित्र, वजन, उंची, कोरलेला मजकूर आणि ते पात्र कोणाकडून व कोणत्या निमित्ताने आले, एवढे लिहावे. पात्रे राखेने वा रांगोळीने घासू नयेत. प्रत्येक घासण्यात नक्षीचा थोडा अंश झिजतो. मऊ कापडाने पुसून ती कोरड्या जागी ठेवावीत.

अपरिग्रहाच्या धर्मात चांदीचा मोह नसावा, हे खरेच. परंतु मोह वजनाचा असतो. आदर हाताच्या कामाचा. पूर्वजांनी भक्तिभावाने घडविलेले जपणे, हेही श्रावकाचे कर्तव्यच होय.