वेतनगणनेतील कमाल मर्यादेची सूत्रे (स्प्रेडशीट)

कर अथवा अंशदान आकारण्यासाठी धरावयाचे वेतन कायद्याने ठरविलेल्या रकमेपलीकडे जाऊ नये, यासाठी स्प्रेडशीटमध्ये कमाल मर्यादेची सूत्रे वापरली जातात. मायक्रोसॉफ्ट एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स या तिन्हींत त्यासाठी मुख्यतः 'मिन' हे लघुतम मूल्य देणारे फलन उपयोगी पडते. कमाल मर्यादेसाठी लघुतमाचे फलन प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु वेतन आणि मर्यादा यांपैकी लहान रक्कमच येथे हवी असते.

मासिक मर्यादा

भारतातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ हे याचे परिचित उदाहरण आहे. मालकाच्या १२ टक्के अंशदानापैकी वेतनाच्या ८.३३ टक्के इतका भाग या योजनेत जातो. त्यासाठीची वेतनमर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी दरमहा ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. वेतन बी२ या सेलमध्ये असल्यास सूत्र असे होते:

=राउंड(मिन(बी२,१५०००)*८.३३%,०)

त्यापूर्वीपासून सदस्य असलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन ४०,००० रुपये असून मालक पूर्ण वेतनावर अंशदान देत असेल, तर ४,८०० रुपयांपैकी १,२५० निवृत्तिवेतन योजनेत व ३,५५० भविष्यनिर्वाह निधीत जमा होतात. 'मिन' विसरल्यास निवृत्तिवेतनाकडे ३,३३२ रुपये वळतात आणि कर्मचाऱ्याच्या निधीत दरमहा २,०८२ रुपये कमी पडतात. वाढीव वेतनावरील निवृत्तिवेतनाचा पर्याय मान्य झालेल्या सदस्यांना ही मर्यादा लागू होत नाही.

एक्सेलमध्ये या सूत्राचा एक दोष सहसा लक्षात येत नाही. संदर्भित सेल रिकामा असेल किंवा त्यातील आकडा मजकूर म्हणून साठविलेला असेल, तर 'मिन' तो सेल दुर्लक्षितो. उरते ती केवळ मर्यादा. परिणामी वेतन न भरलेल्या ओळीतही १,२५० रुपये दिसतात.

वार्षिक मर्यादा

अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा कराची मर्यादा वार्षिक असल्याने तेथे आधीच्या महिन्यांची बेरीजही विचारात घ्यावी लागते. २०२४ साठी ही मर्यादा १,६८,६०० डॉलर, तर कर्मचाऱ्याचा दर ६.२ टक्के होता. सी२ मध्ये मागील महिन्यापर्यंतचे एकूण वेतन असल्यास:

=मिन(बी२,मॅक्स(०,१६८६००-सी२))*६.२%

दरमहा २०,००० डॉलर मिळविणाऱ्याचे ऑगस्टअखेर १,६०,००० डॉलर होतात. सप्टेंबरमध्ये उरलेल्या ८,६०० डॉलरवर ५३३.२० डॉलर कर कापला जातो व ऑक्टोबरपासून काहीच नाही. 'मॅक्स' नसल्यास ऑक्टोबरमध्ये शिल्लक ऋण होऊन करही ऋण येतो. वर्षात नोकरी बदलल्यास नवा मालक मोजणी शून्यापासून करतो. जादा कापलेला कर कर्मचाऱ्याला आयकर विवरणपत्रातून परत मिळवावा लागतो. मेडिकेअरच्या १.४५ टक्के करास अशी मर्यादाच नाही.

मर्यादा आणि पात्रता

प्रत्येक ठरावीक रक्कम ही कमाल मर्यादा नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील २१,००० रुपये (१ जानेवारी २०१७ पासून) ही सर्वसाधारणपणे पात्रतेची अट आहे. ३०,००० रुपये वेतनावर रुजू झालेल्याकडून 'मिन' वापरून २१,००० वरील ०.७५ टक्के कापणे चूक ठरते, कारण तो योजनेबाहेर असतो. उलट, अंशदान कालावधीच्या मध्येच वेतन वाढलेल्या सदस्याचे अंशदान त्या कालावधीच्या अखेरपर्यंत पूर्ण वेतनावर द्यावे लागते. येथे 'इफ' फलन व रुजू तारखेचा स्वतंत्र रकाना लागतो. महाराष्ट्रातील व्यवसाय कर टप्प्यांनी आकारला जात असल्याने त्यासाठी दरांची सारणीच ठेवतात.