युद्धाची शिदोरी

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. युरोपातील भूक मात्र संपली नाही. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेतील २२ संस्थांनी मिळून 'केअर' ही संस्था स्थापन केली. सैनिकांसाठी बांधलेले, परंतु युद्ध थांबल्याने शिल्लक राहिलेले शिध्याचे सुमारे २८ लाख खोके तिने विकत घेतले. ११ मे १९४६ रोजी पहिली खेप फ्रान्समधील ल हाव्र बंदरात उतरली. दात्याने पैसे भरून नाव-पत्ता कळवावा, खोके त्या घरी पोहोचावे आणि सहीची पावती दात्याकडे परत यावी, अशी व्यवस्था होती. त्याच वर्षी हे खोके जर्मनीतही पोहोचले. जेत्या सैन्याचा शिधा पराभूत देशातील मुलांच्या मुखी पडावा, ही घटना कोणत्याही तहनाम्याइतकीच स्मरणीय होय.