जुन्या तबकड्यांची नवी आवृत्ती

ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या मंडळींचा एक जुना वाद आहे. दोन संग्राहक एकत्र बसले की दुसऱ्या चहाच्या आत तो निघतोच. एखाद्या गवयाच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून पुढे एलपी निघाली, मग कॅसेट, मग सीडी. या पुनर्मुद्रणांची संग्राहकाच्या लेखी किंमत काय? एक पक्ष म्हणतो, काहीच नाही. मूळ तबकडी ती मूळ तबकडी, बाकीच्या तिच्या सावल्या. दुसरा पक्ष म्हणतो, कपाटात गुंडाळून ठेवलेल्या आणि फुटण्याच्या भीतीने कधीही न वाजणाऱ्या तबकडीपेक्षा रोज ऐकता येणारी कॅसेट बरी.

वरवर पाहता हा हौशी लोकांचा वाद आहे. मला मात्र तो इतिहासाच्या साधनांचा वाद वाटतो. अल्लादियाखाँ किंवा भास्करबुवा बखले यांचे गाणे आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्याविषयी आपण जे बोलतो ते शिष्यांच्या आठवणींवर. ज्यांचे गाणे मुद्रित झाले त्यांच्या बाबतीत आपल्या हाती प्रत्यक्ष पुरावा आहे. पण तो पुरावा बहुतेकांनी मूळ रूपात ऐकलेला नसतो. गायकीवर लिहिणारा अभ्यासक, गळ्यावर ती जागा चढवू पाहणारा विद्यार्थी आणि रविवारी सकाळी ऐकणारा रसिक, तिघेही पुनर्मुद्रणच ऐकत असतात. म्हणून ते कसे झाले, हे पाहणे आवश्यक ठरते.

तबकडी कशी घडत असे

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात आला आणि गौहरजानसह अनेकांचे गाणे त्याने मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यासमोर बसून जोरात गायचे. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरत जायची. दहा इंची तबकडीत सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीत चारच्या आसपास. मेणाची ही तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तेथे कोणत्या तबकडीवर कोण गायले आहे हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायक आपले नाव पुकारत असे. गौहरजानची इंग्रजीतील ती घोषणा आज तिच्या गाण्याइतकीच प्रसिद्ध आहे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

मेणाच्या तबकडीवरून धातूचा उलटा साचा काढत. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे साचे काढून त्यांनी लाखेच्या तबकड्या दाबत. लाख आपल्याच देशातली. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, कारण पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी हा हेतू. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी पिन लावावी लागे आणि म्हणूनच तबकडी नवी असली तरी खरखरते. खरखर हा म्हातारपणाचा रोग आहे असे अनेकांना वाटते, पण ती जन्मापासूनच सोबत असते. वय वाढले की तिच्यात टकटक आणि चिरेची भर पडते.

या कृतीवरून पुनर्मुद्रणाचा पहिला प्रश्न सुचतो. ते कशावरून केले? धातूचा साचा शिल्लक असेल तर त्यावरून नवी, गुळगुळीत प्रत काढता येते. ती कधीकधी बाजारात विकल्या गेलेल्या मूळ तबकडीहूनही स्वच्छ असते. साचा गेला असेल तर कोणाच्या तरी घरची तबकडी शोधून तिच्यावरून नक्कल करावी लागते. ती तबकडी शंभर वेळा वाजलेली असेल तर झीजही नकलेत उतरते. सुईचाही प्रश्न असतो. ७८ च्या खाचेला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, एलपीला सुमारे २५. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घसरत राहते आणि नुसता खरखराट उचलते. जाणकार मनुष्य तीन-चार मापांच्या सुया लावून पाहतो आणि खाचेच्या भिंतीचा जो भाग जुन्या पोलादी पिनांनी कमी झिजवला आहे तेथून आवाज उचलतो. म्हणजे एकाच तबकडीवरून दोन माणसांनी केलेल्या नकला अगदी निराळ्या निघू शकतात. कॅसेटच्या वेष्टनावर यातले काहीही छापलेले नसते.

पट्टीचा घोटाळा

सर्वांत गंभीर बाब वेगाची आहे. आपण सरसकट ‘७८ च्या तबकड्या’ म्हणतो, पण १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण येईपर्यंत हा आकडा पक्का नव्हता. सत्तरीच्या सुरुवातीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही वेगाने मुद्रण झालेले आढळते. आता हिशेब करू. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. तीन मिनिटे दहा सेकंदांचे गाणे तीन मिनिटांत संपते. लय वाढते, तान आहे त्याहून चपळ वाटते आणि आवाजाचा भरदारपणा कमी होतो.

जोहराबाई आग्रेवालींचे उदाहरण घ्या. त्या १९१३ मध्ये वारल्या. १९०८ ते १९११ या काळात त्यांची साठाहून अधिक गाणी मुद्रित झाली. त्यांतील अठरा १९९४ मध्ये कॅसेटवर आणि २००३ मध्ये सीडीवर आली. त्यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा, जोरकस, जवळजवळ मर्दानी. फैयाजखाँवर त्यांच्या गाण्याचा प्रभाव होता असे सांगितले जाते. हा प्रभाव तपासायचा तर आवाजाची जात आणि तानेची गती हीच मोजमापे हाती आहेत आणि ही दोन्ही वेगावर अवलंबून. दोन-चार फेऱ्यांची चूक झाली तर घराण्याविषयीचे अनुमानच डळमळते.

पाश्चात्त्य संगीतात या चुकीला थोडा आळा असतो. कारुसोने गायलेल्या ऑपेरातील गीताची पट्टी छापील स्वरलिपीत असते, तीवरून वेग ताडून पाहता येतो. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा. रागाला ठरावीक पट्टी नाही, त्यामुळे बाहेरून ताडा घेता येत नाही. हार्मोनियमची साथ असेल तर काहीसा आधार मिळतो, पण तीही कोणत्या सुरावर लावलेली होती ते कळत नाही. मग उरते काय? गाण्याच्या शेवटी पुकारलेले नाव. गाणाऱ्याची पट्टी अपरिचित असू शकते, पण माणसाचे साधे बोलणे वेगात गेले की कानाला लगेच खटकते. वेग ठरवताना ही दोन सेकंदांची घोषणा उपयोगी पडते. पुनर्मुद्रणात मात्र पहिली कात्री तिच्यावरच चालते, कारण रसिकाला ती गमतीची किंवा रसभंग करणारी वाटते. कात्री चालवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपण पुरावा कापतो आहोत हे त्याच्या ध्यानात येत नाही, इतकेच.

खरखर आणि साजशृंगार

वादाचा दुसरा भाग खरखर काढण्याचा. ती मुख्यतः वरच्या कंपनसंख्यांत असते. म्हणून वरचा पट्टा कापला की शांतता होते. पण त्याच पट्ट्यात व्यंजनांची धार, श्वास, सारंगीच्या गजाचा स्पर्श आणि स्वराला लागलेला बारीक कण असतो. जास्त गाळले की गायक कांबळे पांघरून गातो आहे असे वाटते. खरखर राहू दिली तर कान स्वतःच ती बाजूला सारतात, असे अनेक जुने संग्राहक म्हणतात, आणि ते खरे आहे. पाच मिनिटांनी ती जाणवत नाही. उलट गाळून टाकलेले व्यंजन कानाला कुठून आणता येणार?

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेत थॉमस स्टॉकहॅम यांनी संगणकाच्या साहाय्याने कारुसोच्या मुद्रणांतील कर्ण्याचा घुमारा काढून टाकला आणि १९७६ मध्ये त्याची एलपी निघाली. कोणी म्हणाले, कारुसो प्रथमच समोर उभा राहिला. कोणी म्हणाले, हा यंत्राने कल्पिलेला कारुसो. त्याआधी, १९३२ च्या सुमारास, व्हिक्टर कंपनीने त्याच्या जुन्या आवाजाखाली नवा वाद्यवृंद मुद्रित करून तबकड्या विकल्या होत्या. आपल्याकडे कॅसेटच्या काळात जुन्या चित्रपटगीतांना ‘झंकार बीट्स’ जोडले गेले, ते याच जातकुळीचे. ते खपले, लोकांनी ऐकले, रिक्षातून वाजले. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही, पण ते पुनर्मुद्रण नव्हे. जुना आवाज वापरून केलेली ती नवी निर्मिती आहे. तिला त्या नावाने ओळखले की तक्रार उरत नाही.

पाठ आणि पाठभेद

या वादातून वाट काढायला मला ग्रंथसंपादनाचा मार्ग उपयोगी वाटतो. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण ही चर्चा केव्हाच करून चुकलो आहोत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण प्रती उतरवताना अपपाठ शिरले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी एक पाठ निवडला, पण नाकारलेले पाठ तळटीपांत छापले. संपादकाचा निर्णय मान्य नसलेल्या वाचकाला दुसरा पाठ तेथेच सापडतो.

तबकडीचे पुनर्मुद्रण हीसुद्धा एक आवृत्ती आहे. मूळ तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात खरवडलेला क्रमांक म्हणजे मॅट्रिक्स आणि त्यापुढचा टेकचा आकडा, ही झाली पोथीची ओळख. एकच चीज एका बैठकीत दोनदा गायली गेली आणि दोन्ही टेक बाजारात आले, तर ते पाठभेद होत. ‘भाग १’ आणि ‘भाग २’ अशा दोन बाजू सांधून एलपीवर सलग केल्या, तर तो संपादकीय हस्तक्षेप होय. मायकेल किनियर यांचे ‘द ग्रामोफोन कंपनीज फर्स्ट इंडियन रेकॉर्डिंग्ज’ हे १८९९ ते १९०८ या काळातील मुद्रणांची सूची देणारे पुस्तक १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. त्यासारख्या सूचींमुळे क्रमांकावरून मुद्रणाचा काळ शोधता येऊ लागला. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या अंकांतूनही असे काम झाले. ही बहुतेक माणसे पेशाने इतिहासकार नव्हती. छंदातून त्यांनी शिस्त निर्माण केली.

आता किंमतीकडे येऊ. मूळ तबकडी ही पोथी आहे. तिचे मोल पुनर्मुद्रणाने घटत नाही, उलट शंका आली की तिच्याकडेच परतावे लागते. पण दर वेळी वाजवले की ती झिजते आणि हातातून निसटली की संपते. पुनर्मुद्रण नसेल तर ती संग्राहकापुरती उरते आणि त्याच्या मागे घरच्यांना ती अडगळ वाटते. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात अशी अडगळ मी वजनावर गेलेली पाहिली आहे. शेवटी गाणे कानावर पडण्यासाठी असते. गदगच्या दुकानात अब्दुल करीमखाँची झिंझोटीतील ठुमरी ऐकून लहानगा भीमसेन झपाटला, तेव्हा त्याने मॅट्रिक्स क्रमांक वाचला नव्हता. म्हणून मला दोन्ही पक्ष अर्धे बरोबर वाटतात. पुनर्मुद्रणाचे मोल त्याच्या स्वच्छतेपेक्षा त्याच्या प्रामाणिकपणावर ठरावे. कोणत्या तबकडीवरून, कोणत्या वेगाने, काय काढून आणि काय सांधून ते केले, एवढे सांगणारी साधी कॅसेटही साधन म्हणून टिकते. काहीच न सांगणारी चकचकीत सीडी केवळ करमणूक ठरते.

याचा उत्तम नमुना पृथ्वीबाहेर आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठवल्या गेल्या. त्यांत केसरबाई केरकरांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची. ऐकणारा कोण असेल, त्याची भाषा कोणती, काहीच ठाऊक नसल्याने पाठवणाऱ्यांनी वेष्टनावर सुई कशी ठेवायची आणि एका फेरीला किती वेळ लागला पाहिजे हे आकृतींनी कोरले. ३.६ सेकंद हा काळ हायड्रोजनच्या अणूच्या मापात दिला आहे. अनोळखी श्रोत्यासाठी जी काळजी घेतली गेली, ती आपल्या ओळखीच्या श्रोत्यासाठी का घेऊ नये?

हे आता कंपन्यांवरही अवलंबून नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. त्यामुळे ७८ च्या काळातील बहुतेक सगळा ठेवा खुला झाला आहे. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र वेगळा, तो तपासावा लागतो. नक्कल करण्याची साधने घरोघरी आहेत. ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांनी प्रथम काहीही न गाळता एक नक्कल करावी आणि ती तशीच जपावी. ऐकण्यासाठी हवी तर दुसरी, स्वच्छ केलेली करावी. लेबलचे छायाचित्र, मॅट्रिक्स क्रमांक, धरलेला वेग आणि सुईचे माप एका कागदावर लिहून ठेवावे. शेवटची घोषणा कापू नये. तबकडी लाखेची आहे, ती एक दिवस फुटणारच. त्या दिवशी पुढच्या अभ्यासकाच्या हाती ही नक्कल आणि हा कागद असला, तर पोथी गेली तरी पाठ शाबूत राहील.