दोन मोती आणि खुर्दा

शाळेत उपमा-रूपक शिकलो ते दोन गुणांसाठी. उपमेय कोणतं, उपमान कोणतं ते ओळखायचं आणि ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा लिहून मोकळं व्हायचं. अलंकार म्हणजे वाक्यावर वरून घातलेला दागिना, अशीच समजूत होती. ती मोडली पानिपतच्या बातमीमुळे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. वाटेत एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती पडलं. प्रचलित पाठानुसार त्यात दोन मोती गळाल्याची आणि २७ मोहरा हरवल्याची खबर होती. रुपये आणि खुर्द्याची तर मोजदादच नव्हती. मोती म्हणजे थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यात ‘जणू’ नाही, ‘सारखा’ नाही, उपमेयसुद्धा नाही. उपमानाने उपमेय गिळून टाकलं, की संस्कृत साहित्यशास्त्र त्याला रूपकातिशयोक्ती म्हणतं. पण सावकाराला शास्त्राशी काय देणंघेणं? त्याच्या हाताला सवय जमाखर्चाची; मोठं नुकसान त्याने त्याच भाषेत लिहिलं.

मला त्यातली उतरंड अस्वस्थ करते. मोहर सोन्याची, रुपया चांदीचा, खुर्दा तांब्याचा. एक मोहर गेली तर दुसरी तिची जागा घेते. मोत्याचं तसं नाही. सरदार मोजता आले, बाप आणि भाऊ म्हणून झालेलं दुःखही त्या दोन मोत्यांत मावलं. बाकीचे मोजायचे राहिले.

आणि ‘गळाले’ या शब्दात एक फट आहे. गळालेला मोती सापडूही शकतो. भाऊंच्या मृत्यूबद्दल संशय उरला, आणि पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गेली, फौज जमली. अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. ही फट रूपकाने पाडली असं मी म्हणणार नाही. पण लोकांच्या मनात तीच होती.

खुर्द्यातल्या कुणाचा तोतया मात्र कधी आला नाही. येऊन कुणाला काय मिळणार होतं?

आमच्या घराण्यातलं कुणी पानिपतावर गेलं होतं का, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. गेलं असेल, तर ते पत्राच्या शेवटच्या शब्दात आहे.