पाऱ्याचे विष आणि शिकारी पक्ष्यांची रिकामी घरटी

शिकारी पक्ष्यांच्या ऱ्हासाचा विषय निघाला की डीडीटीमुळे पातळ झालेली अंड्यांची कवचे आठवतात, किंवा आपल्याकडे डायक्लोफिनॅकने संपवलेली गिधाडे. त्या मानाने अन्नातून येणाऱ्या पारा, सेलेनियम यांसारख्या मूलद्रव्यांची चर्चा कमीच होते. वास्तविक पाऱ्याचा धोका अधिक फसवा आहे. अन्नाबरोबर थोडाथोडा पारा पोटात गेलेला पक्षी आकाशात धडधाकट दिसतो. परिणाम उघड होतो तो घरट्यात.

याचा मोठा धडा स्वीडनने घेतला. बियाण्यांना बुरशी लागू नये म्हणून तेथे १९४०च्या दशकापासून मिथाइल पाऱ्याचे औषध चोळले जाऊ लागले. पेरलेले दाणे पाखरांनी व उंदरांनी खाल्ले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या अंगात पारा साठत गेला. संशोधकांनी संग्रहालयांत जपलेल्या गोशॉक पक्ष्यांची पिसे तपासली. पीस वाढताना रक्तातील पारा त्यात बांधला जातो व तेथेच राहतो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे पीसही साक्ष देऊ शकते. एकोणिसाव्या शतकापासून जवळजवळ स्थिर असलेले पाऱ्याचे प्रमाण १९४०नंतर कित्येक पटींनी वाढल्याचे त्यांना आढळले. १९६६मध्ये या औषधावर बंदी आली आणि पुढील पिसांतील पारा उतरला.

मिथाइल पारा प्रथिनांतील गंधकाला घट्ट चिकटतो. मादी त्याचा काही भाग पिसांत टाकते, तसाच अंड्यांतही. अंड्यात तो मुख्यतः पांढऱ्या बलकात असतो आणि वाढत्या गर्भाच्या मज्जासंस्थेला अपाय करतो.

नेमके किती प्रमाण घातक, याचे उत्तर अमेरिकेतील केस्ट्रेल, म्हणजे आपल्या खरुचीच्या कुळातील छोट्या ससाण्यावरील प्रयोगाने दिले. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पिंजऱ्यातील जोड्यांना मिथाइल पारा मिसळलेले खाद्य दिले गेले. कोरड्या खाद्याच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम पाऱ्यानेच घरट्यातून उडून जाणाऱ्या पिलांची संख्या घटली. ४.६ मिलिग्रॅमला अंडी कमी झाली, पालकांचे उबवणे ढेपाळले आणि एकही पिलू उडण्याच्या वयाला पोहोचले नाही.

सेलेनियमची गोष्ट निराळी. ते शरीराला हवे असते, पण उपकारक व अपायकारक मात्रेतील अंतर फारच थोडे. कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयात शेतीच्या निचऱ्याबरोबर आलेल्या सेलेनियममुळे १९८३मध्ये पाणपक्ष्यांची व्यंग असलेली पिले आढळली. पुढे बंदिस्त घुबडांच्या खाद्यात त्याचे प्रमाण वाढवले, तेव्हा अंडी आणि त्यांतून बाहेर पडणारी पिले, दोन्ही घटली.

पाऱ्यावर नियंत्रणासाठीचा मिनामाता करार २०१७पासून अमलात आला. भारताने त्याला २०१८मध्ये मान्यता दिली. बियाण्यांचे औषध थांबवणे तुलनेने सोपे होते. कोळशाच्या धुरातून आणि सोन्याच्या छोट्या खाणींतून निघणारा पारा मात्र हवेतून दूरवर जातो, पाण्यात उतरतो आणि माशांच्या वाटेने मत्स्याहारी शिकारी पक्ष्यांपर्यंत पोहोचतो.