जुन्या चेन-सॉला नवे आयुष्य : सुटे भाग दुर्मीळ असताना

वादळात कोसळलेले झाड रस्त्यावरून हटविताना जवानांच्या हाती दिसणारी यांत्रिक साखळी-करवत, म्हणजेच चेन-सॉ, शहरवासीयांना परिचित आहे. या यंत्राची जुनी पिढी मात्र अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील जंगलांत वावरली. तेथे जुन्या करवती पुन्हा चालत्या करणारे हौशी कारागीर आजही आहेत. अमेरिकेच्या मॅककलक कंपनीची १९४९ मधील '३-२५' किंवा जर्मनीच्या श्टील कंपनीची १९५९ मधील, गिअरविना थेट साखळी फिरविणारी 'काँट्रा' ही त्यांच्या संग्रहातील मानाची यंत्रे. अडचण असते ती सुट्या भागांची. मॅककलक १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघाली. नाव इतरांच्या हाती गेले, पण जुन्या मॉडेलचे भाग बनणे थांबले. तरीही यंत्रातील प्रत्येक भाग सारखाच दुर्मीळ नसतो, हे ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

भागांची वर्गवारी

पहिला गट प्रमाणित मापांच्या भागांचा. बेअरिंग, ऑइल सील, स्पार्क प्लग आणि इंधनाची नळी हे भाग करवतीची कंपनी सहसा स्वतः बनवीत नसे. बेअरिंगवरील क्रमांक वाचून अथवा सीलचे दोन्ही व्यास आणि जाडी मोजून ते साध्या दुकानातही मिळू शकतात. मात्र ते इंजिनाचा वेग आणि उष्णता सोसणारे असावेत.

दुसरा गट कार्बोरेटरचा. अनेक जुन्या करवतींवर टिलटसन किंवा वॉल्ब्रो या कंपन्यांचे कार्बोरेटर असतात आणि त्यांतील अनेकांसाठी डायफ्राम व गॅस्केटचे संच अद्याप मिळतात. त्यासाठी करवतीचे नव्हे, तर कार्बोरेटरवर कोरलेले मॉडेल पाहावे.

तिसरा गट सिलिंडर, क्रँककेस आणि फ्लायव्हील यांचा. हे भाग त्या मॉडेलपुरतेच असतात. ते निकामी असल्यास त्याच मॉडेलची दुसरी बंद करवत मिळविणे हा बहुधा एकमेव मार्ग उरतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी सायलेन्सर काढून पिस्टनवर ओरखडे आहेत का, हे पाहावे. अनेक करवतींचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. त्याचा कीस पेट घेऊ शकतो; त्यामुळे ते नेहमीच्या वेल्डिंगवाल्याकडे देऊ नये.

हवेची गळती

करवत सुरू झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. कडक झालेल्या सीलमधून जादा हवा शिरली, की मिश्रणातील पेट्रोल आणि त्यासोबत ऑइलही कमी पडते. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि न मिळणारा भाग काही मिनिटांत गमावला जातो. यासाठी जुने सील न चुकता बदलावेत. त्यानंतर इंजिनाची तोंडे बंद करून सुमारे अर्धा बार दाब भरावा व तो टिकतो का, हे तपासावे. निर्वात चाचणीही करावी, कारण काही सील एकाच दिशेने गळतात. न मिळणारे गॅस्केट मूळच्याच जाडीच्या गॅस्केट कागदातून कापता येते.

ठिणगी आणि इंधन

जुन्या करवतीत फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंट स्वच्छ करून ठिणगी न आल्यास तेवढ्याच क्षमतेचा कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसविता येते. ऑइलचे प्रमाण टाकीवरील सूचनेनुसार ठेवावे. २५:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटर. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. जुने रबर इथेनॉलने फुगते. त्यामुळे इथेनॉल सोसणारे डायफ्राम व नळ्या वापराव्यात आणि काम संपताच टाकी रिकामी करावी.

साखळीचे माप

लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याला दोनाने भागले, की साखळीचा 'पिच' मिळतो. जुना, मोठा पिच मिळत नसल्यास आजच्या प्रचलित मापाची साखळी वापरता येते. मात्र साखळीसोबत स्प्रॉकेट आणि आवश्यकतेनुसार पट्टीही त्याच मापाची हवी.

येथे तडजोड नको

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागताच करवत चालकाच्या दिशेने उसळते. ही उसळी थोपविणारे साखळी-ब्रेक १९७० च्या दशकात रूढ होऊ लागले. त्यापूर्वीच्या बहुतेक करवतींत ते नाहीत. त्यामुळे अशी करवत चालू स्थितीत आणली, तरी ती साखळी उतरवून संग्रहातच ठेवणे श्रेयस्कर. ब्रेक, साखळी अडकविणारा खिळा अथवा क्लच यांत तार बांधून किंवा वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये. योग्य भाग मिळेपर्यंत थांबणे, हा येथे दुरुस्तीचाच भाग आहे.